कपाशीच्या मधात अंबाडी

शेगाव ते सोनाळा

लोक शेगावला उतरतात ते दर्शनासाठी आणि कचोरीसाठी. मी उतरलो ते भांडायला. नाशिकरोडला गाडीत बसल्यापासून डोकं तापलेलं होतं. शेजारच्या बाईंनी मायेनं दिलेला बेसनाचा लाडूसुद्धा मी त्यांच्यावर उपकार केल्यासारखा खाल्ला. परत आल्यावर आमच्या कॉलनीतली मंडळी म्हणाली, बुलढाण्याकडे जाऊन आलात, तर पाहण्यासारखं काय आहे ते लिहा. लोणार आहे, सिंदखेडराजा आहे, सातपुडा आहे. मी यातलं काहीही धड पाहिलं नाही. मी अंबाडी पाहिली. तेवढंच लिहितो.

गजानन माझा मित्र. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. हवाई दलात तो माझ्या हाताखाली आला आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या डोक्यावर बसला, असं मी सगळ्यांना सांगतो. शेवटची काही वर्षं आम्ही पश्चिम सीमेजवळच्या एका रडार केंद्रावर होतो. पलीकडून लहान लहान ड्रोन यायचे, झाडांचे शेंडे घासत, पोटाखाली हेरॉइनचं पाकीट बांधून. पाकीट कुणाच्या तरी गव्हात टाकायचे आणि वळायचे. आम्ही पडद्यावर ठिपका हेरायचा आणि खालच्या तुकडीला कळवायचं.

आता ठिपका म्हणजे ड्रोन असेल, घार असेल, नाहीतर कुणाचा तुटलेला पतंगही असेल. नव्या पोरांना प्रत्येक ठिपका ड्रोनच वाटायचा. गजानन मात्र हट्टी. 'दादा, आंधी मानूस जाऊ द्या, डोयानं पाहू द्या, मंग मी त्याले नाव देतो,' असं म्हणून तो वरच्या साहेबांनाही थांबवायचा. त्याच्या या हट्टापायी एकदा एका म्हाताऱ्याच्या मळ्यावर निघालेली तुकडी वाटेतच थांबली. तो ठिपका करकोच्यांच्या थव्याचा निघाला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

तेच तंत्र आता सातपुड्याच्या पायथ्याशी आलंय. मध्य प्रदेशाची हद्द जवळ, जंगल जवळ. तिथं गांजा लावणारे लावतात हे खरं आहे आणि त्यांना धरायला माझी काडीचीही हरकत नाही. या मोसमात सैन्याचं हेलिकॉप्टर डोंगराच्या कडेकडेनं फिरून गेलं, त्याच्या मागून पोलिसांचे ड्रोन आले. ड्रोनच्या फोटोवर यंत्र आपोआप लाल चौकोन काढतं, की इथं संशय आहे. एक चौकोन गजाननच्या वावरावर पडला.

गजाननच्या बायकोचा, सुनंदाताईंचा मला फोन आला. रडत नव्हत्या, पण आवाज कोरडा झाला होता.

'भाऊजी, ह्याईले घेऊन गेले. गांजा लावला म्हनतात. अंबाडी होती हो, महालक्ष्मीची. तुमी येता का?'

मी बॅग भरायला घेतली. अंबाडीचं पान पंजासारखं, बोटं फुटलेलं, कडेला बारीक दाते. गांजाचंही लांबून तसंच दिसतं, हे मान्य. पण अंबाडी आंबट असते. एक पान तोडून चावलं तर शेंबड्या पोरालाही कळतं. एका माणसानं एक पान चावलं नाही, म्हणून मला अर्धा महाराष्ट्र ओलांडून यावं लागलं. त्याचा मला राग होता आणि आजही आहे.

शेगावहून जीप मिळाली. माणसं कोंबून भरलेली, टपावर गणपतीच्या मांडवाचे बांबू. दोन्हीकडे काळी माती आणि कपाशी. लांब सातपुड्याची निळी रेघ. वाटेत वरवटला चहा घेतला तर तो खारट. मला वाटलं साखरेच्या डब्यात मीठ पडलं. चहावाला म्हणाला, 'पानीच तसं आहे भाऊ आमच्याकडलं. खारपानपट्टा. आमाले आता गोड पानी मचूळ लागते.' या पाण्यानं लोकांची मूत्रपिंडं जातात, घरोघरी आजारी माणसं आहेत, हे जीपमधल्याच एका गृहस्थानं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. पाण्यात काय आहे ते बघायला काही हेलिकॉप्टर येत नाही. मी तो चहा अर्धा टाकला आणि जीपवाल्याशी बसण्याच्या जागेवरून भांडलो. त्याची काही चूक नव्हती.

सोनाळा

सुनंदाताईंनी पाणी दिलं, मग पिठलं, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. नाशिकचे आम्ही स्वतःला तिखट खाणारे समजतो. पहिल्याच घासाला माझी बोलती बंद झाली आणि तेवढा वेळ घरात शांतता झाली. जेवल्यावर त्या मला वावरात घेऊन गेल्या.

कपाशी छातीला लागत होती. आत शिरत शिरत बरंच मध्ये गेल्यावर एक गोल मोकळी जागा लागली. माती उकरलेली, बुटांचे ठसे, चुरगळलेली दोन-चार पानं. इथून सगळी अंबाडी मुळासकट उपटून त्यांनी गाडीत टाकून नेली होती. शेजारची कपाशीही तुडवली होती, ती आडवी पडून सुकत होती. मी खाली पडलेलं एक पान उचललं आणि चावलं. सुकलं होतं तरी आंबट.

'पण ताई, इतक्या मध्ये का लावली? बांधावर का नाही?' मी विचारलं.

'बांधावर लावली का शेळ्या तोंड घालतात. आन् महालक्ष्मीले उष्टी भाजी चालत नाही,' त्या म्हणाल्या. 'म्हून आमच्या घरी मधातच असते. मह्या सासूच्या सासूपासून. पह्यली पानं देवीची, मंग घरची, मंग आळीतल्या बाया येऊन खुडून नेतात.'

आमच्याकडे गौरी जेवतात त्याच्या आदल्या संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरी लागते. वऱ्हाडात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या ताटात आंबील आणि अंबाडीची भाजी नसेल तर पुरणपोळीचा सुद्धा उपयोग नाही. हे मला गजाननच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकून पाठ होतं. तो सीमेवर त्या दिवशी मेसमधल्या पालकाकडे तुच्छतेनं बघायचा. पण कपाशीच्या पोटात गोल करून लावतात, हे मला नवीन होतं. आणि वरून ते कसं दिसलं असेल तेही मला त्या क्षणी कळलं. फिक्या हिरव्यात गडद हिरवं वर्तुळ, चारी बाजूंनी झाकलेलं. गांजा लावणारे अगदी असाच लावतात. मी पडद्यासमोर असतो तर मलाही तो ठिपका संशयाचा वाटला असता. मग मी माणूस पाठवला असता. इथंही माणसं आली होती, गाडी भरून आली होती, आणि त्यांनी येऊन फोटोच पाहिला.

म्हटलं, सोपं आहे. गावातल्या दुसऱ्या कुणाची अंबाडी उपटून नेऊ, साहेबाच्या टेबलावर ठेवू.

सुनंदाताई चालता चालता थांबल्या. 'गावात अंबाडी नाही भाऊजी. पोलिसाची गाडी गेली आन् त्याच सांजेले समद्यांनी आपापली उपटली. कोनं जाळली, कोनं नदीत टाकली.'

माझा विश्वास बसेना. मी वावरावावरातून हिंडलो. खरंच जागोजागी ताजे खड्डे. बांधावर, परसात, गोठ्यामागं. सोनाळ्यासारखं एवढं मोठं गाव, महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, आणि अंबाडीचं एक झाड उभं नाही. ज्या भाजीवाचून देवी जेवत नाही ती या लोकांनी एका संध्याकाळी मुळासकट काढून टाकली. मित्राला सोडवायला पुरावा म्हणून जे लागणार होतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं जाळलं. घाबरला तर माणसाचं डोकं चालत नाही हे ठीक, पण अख्ख्या गावाचं?

गजाननच्या शेजारचं वावर शेषरावचं. लहानपणापासूनचे जोडीदार. गजाननच्या लग्नात याच शेषरावला मी फेटा बांधलेला पाहिला होता. तो फवारणीचा पंप धूत होता.

'तुमची अंबाडी होती ना?' मी विचारलं.

'होती.'

'मग?'

'काढली.'

'का?'

'वरतून ड्रोन फिरून राह्यला ना भाऊ.' त्यानं पंपावरून नजर उचलली नाही.

'उद्या माझ्याबरोबर ठाण्यात चला. एवढंच सांगा की गजाननच्या वावरात दर साली अंबाडी असते.'

'मले त्यात घेऊ नका. मह्या घरी कामं पडली आहेत.'

मी त्याला नको ते बोललो. इथं लिहीत नाही. तो पंप धूत राहिला.

घाटावर

या जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. खालचे म्हणतात वरचे माजोरडे, वरचे म्हणतात खालचे उन्हानं भाजलेले. सोनाळा घाटाखाली. छापा टाकणारं पथक वरचं, म्हणून गजाननला नेलं होतं घाटावर. गावाचं नाव आणि ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सकाळीच एस.टी. धरली. घाट चढताना हवा गार झाली, दरीत साग ओला होऊन चमकत होता, कंडक्टर खिडकीतून दाखवत होता. दुसऱ्या कुठल्या वेळी मी खाली उतरून फोटो काढले असते.

गजानन ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट मळला होता, पण पाठ ताठ. मला पाहून उठला, सवयीनं टाचा जुळवल्या.

'दादा, तुमी काऊन आले? होऊन जाईन ना चौकशी.'

'तुला अटक केली का?'

'नाही. अटक नाही. बसवलं फक्त.'

'मग ऊठ आणि चल.'

'असं कसं? साहेबानं बस म्हटलं.'

वर्दीतला माणूस 'चला' म्हणाला आणि हा स्वतःहून गाडीत जाऊन बसला. गावासमोर एक शब्द बोलला नाही, हात झटकला नाही, सरपंचाला हाक मारली नाही. फौजेत आम्हाला हेच शिकवलं, आधी हुकूम पाळा, तक्रार नंतर. गावानं पाहिलं की फौजी मुकाट्यानं गेला. मुकाट्यानं गेला म्हणजे काहीतरी असणारच, असं गावाला वाटलं. दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता, बाया धावल्या असत्या, कुणीतरी पान चावून दाखवलं असतं.

साहेब तरुण होता, नम्र होता. नम्र माणसावर रागावणं फार अवघड जातं, मी तरीही जमवलं. त्यानं मला खुर्ची दिली, मी हवाई दलातला म्हटल्यावर चहा सांगितला आणि संगणकावर फोटो उघडला. कपाशी, मध्ये गडद वर्तुळ, त्यावर लाल चौकोन.

'काका, तुम्ही तर यातले जाणकार. तुम्हीच सांगा, हे लपवलेलं पीक आहे की नाही?'

'ती अंबाडी आहे. शेळ्यांपासून लपवलेली.'

'तेही तेच म्हणतात.'

'तुम्ही उपटलीत तेव्हा एक पान चावून का नाही पाहिलंत?'

'पुराव्याला दात लावायचे नसतात, काका,' तो म्हणाला. हसला नाही, खरंच तसं समजत होता. नमुने प्रयोगशाळेत गेलेत, अहवाल येईल तेव्हा येईल. शिवाय त्याच्याजवळ आणखी दोन मुद्दे होते. पहिला, गजानन सीमेवर ड्रोन पकडायचा. ज्याला ड्रोन कळतो त्यालाच ड्रोनपासून लपवता येतं. दुसरा, मी पोचायच्या आधी त्याची माणसं सोनाळ्याला पुन्हा जाऊन आली होती.

'अंबाडी हे तिथलं नेहमीचं पीक आहे म्हणता. मग अख्ख्या गावात एक झाड का नाही? सगळीकडे ताजे खड्डे. निर्दोष माणसं झाडं उपटतात का?'

म्हणजे ज्यानं वीस वर्षं देशाच्या आकाशावर डोळा ठेवला, ते त्याच्या विरुद्ध. गाव घाबरलं, तेही त्याच्याच विरुद्ध. मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप बशीत आडवा झाला. साहेबानं शांतपणे रुमालानं टेबल पुसलं आणि म्हणाला, 'तुम्ही मोठे आहात. मला मुळासकट झाड आणून दाखवा, मी बघतो.'

बाहेर आलो तर व्हरांड्यात एक हवालदार उभा होता. परशराम त्याचं नाव, हिवरा आश्रमाकडचा. छापा टाकायला गेलेल्या गाडीत हाही होता, उपटायलाही हाच होता.

'तुम्हाला अंबाडी कळत नाही?' मी त्याच्यावर घसरलो.

'मले न कळायले काय झालं? मह्या घरी परसात आहे,' तो हळू आवाजात म्हणाला. 'उपटतानाच कळलं. हाताले वास येते ना.'

'मग बोलला का नाहीत?'

'फोटो वरून आला होता साहेब. वरून आलेल्याले मी खालचा मानूस काय म्हनू?' त्यानं एकदा आत पाहिलं आणि आणखी जवळ आला. 'आज धाडचा बाजार आहे. मह्यावालं नाव घेऊ नका.'

धाड

जीपनं धाड गाठलं, घाटावरचंच एक बाजाराचं गाव. बाजार ऐन भरात होता. पालं ठोकलेली, गुळाच्या ढेपी, मिरच्यांचे ढीग, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि पत्र्याचे हात मांडून बसलेले कासार-बोहारी, बांगड्यांच्या दुकानाभोवती बायांचा गराडा. आणि भाजीच्या ओळीत शिरलो तर जिकडे तिकडे अंबाडी. गोणपाटावर अंबाडी, पाटीत अंबाडी, रस्त्यावर सांडून पायाखाली आलेली अंबाडी. लाल देठाच्या जुड्या उघड्या उन्हात रचलेल्या. बाजारात पोलीस फिरत होता, त्याच्याही पिशवीतून जुडीचे शेंडे बाहेर आले होते. एका घाटाच्या अलीकडे ही देवीची भाजी आणि पलीकडे गुन्हा. मी तिथं उभा राहून एकटाच हसलो आणि हसू आल्याचा मला पुन्हा राग आला.

एका बाईजवळ बसलो. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मी म्हटलं, जुडी नको, मला मुळासकट झाड पाहिजे.

'मुळं कशाला? मुळं काय खाता का?'

मी सगळं सांगितलं. तिचा पाणी मारणारा हात थांबला. धाडकडे जालना जवळ, तिकडची बोली तिच्या बोलण्यात मिसळलेली. 'आसं कसं? अंबाडीला गांजा म्हणले? आन् गावातलं कुणीच काही बोललं नाही?'

'नाही.'

'मग तसलं गाव काय कामाचं?' ती म्हणाली. नवऱ्याला पाटीजवळ बसवलं, पदर खोचला आणि मला घेऊन रस्त्यापलीकडे त्यांच्या मळ्यात गेली. वांगी, गवार, भेंडी, आणि वाफ्याच्या कडेनं डोक्याएवढी अंबाडी. तिनं दोन झाडं निवडून, माती सैल करून, मुळांना धक्का न लावता उपटली आणि ओल्या गोणपाटात बांधून दिली. वर चार जुड्या घातल्या. 'ह्या तुमच्या मित्राच्या महालक्ष्मीला. त्यांची तर गेली ना.' पैशाचं नाव काढू देईना.

परत घाटावर

माझ्या हातात अंबाडी पाहून साहेब उठून उभा राहिला. त्यानं झाड उलटसुलट पाहिलं, पान फोटोशी लावून पाहिलं. मी एक पान तोडून त्याच्यापुढं धरलं. हा काही पुरावा नाही, बाजारातली भाजी आहे, आता तरी चावा. त्यानं ते घेतलं, वास घेतला आणि टेबलावर ठेवलं.

'वरून कसं दिसतं ते बघू,' तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग ठाण्याच्या मागच्या अंगणात एक बादली आली. बादलीत माती घालून दोन्ही झाडं उभी केली. बादली तुळस, जास्वंद आणि कढीपत्त्याच्या मधोमध ठेवली. साहेबानं स्वतः ड्रोन आणला आणि उडवला. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा तो आवाज. बाकावरून उठून गजाननही आला. त्यानं मान वर करून ड्रोनकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही असले ड्रोन पाडायला मदत केली, पण त्याच्या तोंडावर तसली भीती मी सीमेवर कधी पाहिली नव्हती.

साहेबाच्या हातातल्या पडद्यावर अंगण दिसलं. तुळस दिसली, जास्वंद दिसली. बादलीवर एक लाल चौकोन उमटला. संशयित.

साहेबानं ड्रोन थोडा उंच नेला, थोडा बाजूला नेला. चौकोन हलला नाही. मग परशराम पुढं झाला, बादलीतलं एक पान तोडून त्यानं तोंडात टाकलं आणि साहेबाकडे बघत चावून गिळलं.

'अंबाडी आहे, साहेब,' तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला इतके दिवस लागले.

साहेबानं ड्रोन उतरवला. 'ठीक आहे. घेऊन जा यांना. अहवाल आला की कळवू.'

'एवढंच?' मी म्हणालो. 'गावात गाडी घेऊन गेलात, लोकांसमोर नेलंत, नेतानाचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवलात. आता गावात येऊन सांगा की चूक झाली.'

'आमची यंत्रणा अजून शिकते आहे, काका.'

'शिकायला तुम्हाला हाच सापडला? आमच्याकडे ठिपका चुकला तर आम्ही सगळ्या केंद्राला सांगायचो, अमुक होतं म्हणून चुकला. कशासाठी? पुढच्यानं त्याच ठिपक्यावर पुन्हा गोळी घालू नये म्हणून.'

'दादा, चला,' गजानन म्हणाला. साहेबाला त्यानं नमस्कार केला. मला तोही आवडला नाही.

घाट उतरताना जीपमध्ये मी बोलत होतो आणि तो ऐकत होता. वकील करू, वर लिहू, पेपरवाल्यांना बोलावू. तो एकदाच बोलला. 'गावात कोनी काही म्हनत होतं का, दादा?' मी म्हटलं, नाही. हे खरंच होतं, गावात कुणी काहीच म्हणत नव्हतं.

महालक्ष्म्या

धाडच्या अंबाडीची भाजी सुनंदाताईंनी केली. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी. महालक्ष्म्यांसमोर ताटं मांडली. पुरण, आंबील, कढी, पातळ वडे, आणि ती भाजी. देवीला नैवेद्य झाला. दर साली या घरी अख्खी आळी जेवायला असते, असं गजानन नेहमी सांगायचा, ओसरी पुरत नाही, गोठ्यात पंगत बसते. यंदाही सुनंदाताईंनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. ओसरीवर पाट मांडून झाले, पत्रावळी मांडून झाल्या. आम्ही वाट बघत बसलो. गल्लीतून लोक जात होते. 'या ना,' म्हटलं की 'आलोच' म्हणत होते.

जेवायची वेळ टळून गेल्यावर शेषराव आला. पुढच्या दारानं नाही, गोठ्याकडून आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि उभाच राहिला.

'सोडलं म्हनतात तुले,' तो गजाननला म्हणाला.

'हाव.'

'बरं झालं.' मग आवाज खाली घेऊन, 'गज्या, मी तुहा जोडीदार आहो. मले खरं सांग. मधात दुसरं काही होतं का बे?'

सुनंदाताईंच्या हातातला पळा भाजीतच राहिला. मी उठलो. या माणसाचं वावर गजाननच्या वावराला लागून. दर साली यानं तीच अंबाडी खुडून नेलेली. त्याच पानांची भाजी खाऊन हा मोठा झाला आणि आता हाच विचारतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात गजाननने हातानं मला थांबवलं.

'शेषराव, तुह्या वावरातली अंबाडी कोनं उपटली?'

'मीच.'

'त्यात दुसरं काही होतं?'

'नाही.'

'मंग काऊन उपटली?'

शेषराव टोपी चुरगळत राहिला. मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

'तू फौजी आहेस. तुले नेलं तर हे साहेब नाशकावरून धावत आले. ठान्यात जाऊन टेबलावर हात आपटला म्हनतात. मले नेलं असतं तर मह्यासाठी कोन येईन?'

मी उभाच होतो. त्या दिवसापासून याला सुनवायचं म्हणून बरंच मनात घोकलं होतं. राग होता, तेवढाच होता, पण आता तो त्याच्यावर काढता येईना आणि दुसरं कुणी समोर नव्हतं. गजाननने शेजारचा पाट पुढं ओढला. शेषराव खाली मान घालून बसला आणि सुनंदाताईंनी त्याच्या पत्रावळीवर आधी अंबाडीच वाढली. बाकीचे पाट संध्याकाळपर्यंत तसेच होते.